संत उर्बानची मान

ट्रॅक्टर मागे घेताना गेदेओन लेहोत्स्कीने मान वळवून पाहिलं नाही, आणि त्यापायी संत उर्बानची मान गेली.

आवाज तसा फारसा झाला नाही. अक्रोड फुटावा तेवढाच. गेदेओन खाली उतरला तेव्हा संत नेहमीच्या जागी, दोन द्राक्षबागांच्या बांधावर, हातात दगडी घड धरून उभा होता. फक्त टोपासकट डोकं गवतात पडलं होतं आणि आभाळाकडे बघत होतं. गेदेओनने आधी डोक्याकडे पाहिलं, मग ट्रॅक्टरकडे, मग रस्त्याकडे. रस्त्यावर कुणी नव्हतं. मग त्याने टोपी काढली. ही त्याची पहिली चूक, कारण वरच्या टेकाडावर मालवीना मावशी आपल्या बागेतल्या झोपडीत दुर्बीण घेऊन बसलेली होती. पाखरं हाकलायला म्हणून तिने ती घेतली होती. पाखरं तिला त्या दुर्बिणीतून कधी दिसली नाहीत, गाव मात्र सगळं दिसे. या वेळी संत ट्रॅक्टरच्या आड होता, म्हणून तिला दिसली ती फक्त गेदेओनने काढलेली टोपी.

ज्या बायबलातल्या वीरावरून गेदेओनचं नाव ठेवलं होतं, त्याने मूर्तिपूजकांची वेदी अंधारात, सोबत माणसं घेऊन फोडली होती. लिपोवीना गावच्या या गेदेओनने तेच काम एकट्याने, सोमवारी भर सकाळी, रिव्हर्स गिअरमध्ये केलं.

हेच दुसऱ्या कुणाच्या हातून झालं असतं तर लोक हळहळले असते आणि विसरले असते. पण गेदेओन गावातला सगळ्यात कडक प्रोटेस्टंट. याच हिवाळ्यात त्याने पंचायतीत उभं राहून सांगितलं होतं, "तो दगड तिथून हलवा, माझा ट्रॅक्टर वळत नाही." त्याआधी गुत्त्यात, वाइनच्या दुसऱ्या पेल्यानंतर, कॅथलिक लोक दगडधोंड्यांपुढे गुडघे टेकतात यावर त्याने सेर्वात्स मिखालेकला चांगलंच ऐकवलं होतं. सेर्वात्स म्हणजे बांधापलीकडचा शेजारी. बागांचा राखणदार म्हणून उभ्या केलेल्या संत उर्बानची देखरेख त्याच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होती.

"आम्ही पूजा करत नाही रे," सेर्वात्स तेव्हा म्हणाला होता. "पूजा एकट्या देवाची. संताला आम्ही मान देतो. वडीलधाऱ्याला देतात तसा."

"वडीलधाऱ्याला? आणि त्याच्या सणाला पाऊस पडला की त्याला काठीने बडवता, ते?"

"घरच्या माणसालाच बडवतात. पाहुण्याला कोण बडवतं?"

यावर सगळा गुत्ता हसला होता, आणि तो हशा गेदेओनने मनात सेर्वात्सच्या नावे टाकून ठेवला होता. आता हा धक्का चुकून लागला असं सांगितलं, तर त्याच्या बायकोनेही विश्वास ठेवला नसता.

आणि वेळ तरी कोणती. येत्या रविवारी प्रोटेस्टंट चर्चच्या कारभाऱ्याची निवड होती. गेदेओनचा आजा कारभारी होता, बाप कारभारी होता, आणि स्वतः गेदेओन गेली कित्येक वर्षं कारभारी होण्याच्या बेतात होता. या खेपेला दुसरं नावच पुढे आलं नव्हतं. पण त्याच रविवारी संत उर्बानचा सण. नव्या पास्टरबाई एवेलीना यांनी महिनोन्‌महिने खटपट करून कॅथलिक फादरना राजी केलं होतं, की यंदा दोन्ही चर्चचे लोक सकाळी एकत्र बागांमध्ये जातील, प्रार्थना करतील आणि मग आपापल्या चर्चला जातील. एकत्र जमायचं ठिकाण ठरलं होतं संत उर्बान. म्हणजे सगळं गाव येऊन बिनडोक्याचा संत बघणार, ट्रॅक्टरची चाकोरी बघणार, आणि पास्टरबाईंच्या सलोख्याचं वाटोळं कुणी केलं हे मोजायला बोटंही लागणार नव्हती.

गेदेओनने डोकं शर्टात गुंडाळलं आणि पोटाशी धरून घरी नेलं.

त्याची बायको लीदिया दुपारी काकडीच्या लोणच्याची बरणी आणायला कोठीत गेली. बराच वेळ ती बाहेर आली नाही. मग तिचा शांत आवाज आला.

"गेदेओन, कोठीत बिशप आहे."

"पोप आहे," गेदेओन म्हणाला. "उर्बान पोप होता."

"असं होय. मग पोप पिठाच्या डब्यावर काय करतोय?"

गेदेओनने सगळं सांगितलं. लीदिया खुर्चीवर बसली आणि पदरात तोंड खुपसावं तशी एप्रनमध्ये तोंड खुपसून हसली. हसून झाल्यावर म्हणाली, "जा, सेर्वात्सला सांगून टाक."

"सांगू? रविवारपर्यंत सगळ्या गावात होईल. आजोबांच्या खुर्चीत बसायचंय मला."

भिंतीवर, जेवणाच्या टेबलाच्या वर, आजोबांचा फोटो होता. कारभाऱ्याची काळी टोपी घातलेला. लीदिया त्याच्याकडे बघत राहिली.

"तू याला रोज पुसतोस," ती म्हणाली. "बाहेर पडताना याला सांगून जातोस. कोबीचं सूप करायचं म्हटलं की याला वाफ लागते म्हणून खिडकी उघडायला लावतोस."

"तो फोटो आहे. मी काय त्याची पूजा करतो?"

"मी कुठं म्हटलं पूजा," लीदिया म्हणाली, आणि बरणी घेऊन गेली.

डोकं बसवणं गेदेओनला वाटलं तितकं सोपं नव्हतं. फरश्या चिकटवायचा दोन नळ्यांचा गोंद त्याने आणला. डब्यावर लिहिलं होतं की थंडीत तो धरत नाही, ऊब लागते. मे महिन्याचा शेवट आला होता, पण त्या आठवड्यात सकाळी तोंडातून वाफ निघत होती. तेव्हा वसंतात कडाका पडला की कोंब वाचवायला बागेत लावतात तसल्या मेणाच्या दोन जाड बत्त्या त्याने बरोबर घेतल्या, आणि दगड धुवायला म्हणून बाटलीत घरची वाइन, कारण त्याच्या हिशेबी पाण्याने दगड ओला राहतो आणि स्पिरिट त्याच्याकडे नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाट फुटता फुटता तो बांधावर पोचला.

संत बुटका होता. चौथऱ्यासकट जेमतेम कमरेएवढा. त्याच्या मानेवर काम करायचं तर गुडघे टेकण्यावाचून इलाज नव्हता. गेदेओनने आधी उकिडवं बसून पाहिलं, पण वयोमानाने पोट आड आलं. मग आजूबाजूला बघून तो गुडघ्यांवर आला, दोन्ही बाजूंना बत्त्या पेटवल्या, मानेवर वाइन ओतली, गोंद लावला आणि डोकं ठेवलं.

ठेवल्यावर मागे सरून पाहिलं. उर्बान पूर्वी जरा तिरका बघायचा, हे गेदेओनला कित्येक वर्षांपासून माहीत होतं. सेर्वात्सच्या बागेकडे बघायचा. गेदेओनला त्याचं काही नव्हतं, त्याने फक्त ते लक्षात ठेवलं होतं. गारपिटीच्या साली सेर्वात्सची बाग वाचली आणि आपली झोडपली गेली, हेही त्याने असंच लक्षात ठेवलं होतं. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवलेल्या होत्या, बेरीज कधी केली नव्हती. आता त्याने डोकं दोन्ही हातांत धरलं, थोडं हलवलं, आणखी थोडं हलवलं, आणि जिथे बरं वाटलं तिथे दाबून धरलं. गोंद धरेपर्यंत हात काढायचा नव्हता.

तेवढ्यात मागून पावलं वाजली.

सेर्वात्सची बायको रोझालिया सणाआधीच्या नवसाच्या दिवसांत पहाटे चार-पाच बायकांना घेऊन उर्बानपाशी यायची, हे गेदेओनला माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्याला वळता येत नव्हतं. त्याने संताच्या नाकावर नजर ठेवली. मागे कुणीतरी हळूच म्हणालं, "हा लेहोत्स्की ना?"

"शू," रोझालिया म्हणाली. तिचा आवाज भरून आला होता. "त्याला त्रास देऊ नका. किती वर्षं अडवून धरलं असेल बिचाऱ्याने मनात."

एकेक करून बायका त्याच्या मागे गुडघ्यांवर बसल्या, आणि लिटनी सुरू झाली. रोझालिया एकेका संताचं नाव गायची आणि बाकीच्या म्हणायच्या, "आमच्यासाठी विनंती कर." पुन्हा नाव, पुन्हा विनंती. संतांना अंत नव्हता. गेदेओन डोकं धरून बसला आणि मनात स्वतःच्या चर्चचं स्तोत्र म्हणू लागला, पण ते जमेना, कारण बायका सूर पाडत होत्या. प्रत्येक ओळीला थोडा थोडा. गेदेओन प्रोटेस्टंट गायकवृंदातला खर्जाचा आवाज. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांचे पडके सूर खालून उचलून धरले होते. त्याने दात आवळले. ओठ आवळले. आणि संत लॉरेन्सच्या सुमारास त्याच्या परवानगीवाचूनच त्याच्या छातीतून खर्ज निघाला: "आमच्यासाठी विनंती कर."

सूर तत्काळ जागेवर आला. बायका चकित होऊन आणखी मोठ्याने गाऊ लागल्या. वर टेकाडावर मालवीना मावशीने दुर्बीण खाली ठेवली, चष्मा पुसला आणि पुन्हा उचलली.

दुपारपर्यंत गावात एकच विषय होता. बेकरीवाल्या कॅथलिक बाईने गेदेओनला पावाबरोबर खसखशीचा रोल फुकट दिला आणि डोळे पुसले. प्रोटेस्टंट पोस्टमनने पत्र हातात न देता कुंपणावर ठेवलं. संध्याकाळी सेर्वात्स कुंपणाशी आला.

"ऐकलं ते खरं का रे शेजारी?"

"काय ऐकलं?"

"की तू उर्बानला वाइन पाजलीस. सणाच्या आधीच. आम्ही तर हवा चांगली असली तरच पाजतो." सेर्वात्सने कुंपणावर कोपरं टेकली. "कुठली पाजलीस?"

"वेल्टलिनर."

"बरं केलंस. तुझी रिझलिंग पाजली असतीस तर त्याने धर्मच सोडला असता."

शनिवारी पास्टरबाई आल्या. बरोबर मालवीना मावशी होती, काळ्या कपड्यांत, मर्तिकाला आल्यासारखी. लीदियाने कॉफी ठेवली आणि दाराशीच उभी राहिली, कारण हे तिला चुकवायचं नव्हतं.

"गेदेओनभाऊ," पास्टरबाई म्हणाल्या, "मला गावगप्पांत रस नाही. पण उद्या मतदान आहे आणि लोक विचारताहेत. तुम्ही मूर्तीपुढे गुडघे टेकलेत?"

"टेकले."

"बत्त्या लावल्यात?"

"थंडी होती."

"त्याला?" मालवीना मावशीने विचारलं.

"आणि गायलात?" पास्टरबाईंनी जरा धीर एकवटून विचारलं.

गेदेओनने कॉफीची बशी सरळ केली. "बाई, त्या फार सूर पाडत होत्या."

"मी स्वतः बघितलं," मालवीना मावशी म्हणाली. "दोन्ही हातांनी तोंड धरलं होतं त्याचं. नवऱ्याने माझं असं कधी धरलं नाही."

पास्टरबाईंनी कॉफीचा कप खाली ठेवला. "हे बघा, संताबद्दल आदर असायला माझी ना नाही. चांगल्या माणसाची आठवण आपणही ठेवतो. पण त्याच्यापुढे गुडघे टेकून मागणं मागणारा माणूस आपल्या चर्चचा कारभारी होऊ शकत नाही. उद्या मतदानाआधी तुम्हाला उभं राहून सांगावं लागेल, तिथे काय करत होतात ते."

त्या गेल्यावर गेदेओन आजोबांच्या फोटोखाली बसला. हिशेब सरळ होता आणि दोन्हीकडून तोट्याचा. खरं सांगितलं तर मूर्तिभंजक, सलोखा मोडणारा. नाही सांगितलं तर मूर्तिपूजक. कारभारी कुठल्याच बाजूने शिल्लक उरत नव्हता.

"आता एकच उपाय," लीदिया म्हणाली. "उर्बानला सांग, तुझ्यासाठी विनंती कर म्हणून."

रविवारी पहाटे गारा पडल्या.

मोठ्या नव्हत्या, वाटाण्याएवढ्या, पण कोवळ्या कोंबांना तेवढ्या पुरतात. त्यानंतर थंडगार झिमझिम सुरू झाली. दोन्ही चर्चचे लोक छत्र्या घेऊन बागांकडे निघाले. पुढे फादर आणि पास्टरबाई, मागे गाव, आणि सगळ्यांच्या मागे गेदेओन, चर्चला जायच्या काळ्या कोटात. गारांचा अर्थ काय होतो हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा ते बांधापाशी पोचले होते. सेर्वात्सच्या हातात पाण्याची बादली होती आणि काखेत वेलीची सुकी, जाडजूड काठी.

सणाला ऊन पडलं तर उर्बानला वाइन आणि पानांचा हार. पाऊस पडला तर पाणी आणि मार. हा रिवाज गावात सगळ्यांना पाठ होता. तो आवडत नसल्याचा चेहरा करून फादर दरवर्षी छत्री थोडी पुढे धरत, म्हणजे त्यांना दिसत नसे.

सेर्वात्सने बादली ओतली. गेदेओनचे डोळे मानेवरच्या चिरेवर होते. पाणी चिरेवरून घरंगळलं. डोकं टिकलं.

"काय रे उर्बान," सेर्वात्सने सुरुवात केली, आवाज चढवून, रिवाजाप्रमाणे. "वर्षभर तुला सावलीत ठेवतो, हिवाळ्यात गोणपाट घालतो, आणि तू आज गारा पाडतोस? लाज नाही वाटत? हात आहेत ना तुला? ढग दिसला तर एखादा परतवायचास." लोक हसू लागले. प्रोटेस्टंट जरा कमी हसले, पण हसले. सेर्वात्सने काठी उचलली.

एका फटक्यात डोकं पास्टरबाईंच्या बुटांशी येऊन पडणार होतं. गेदेओनने लोकांना बाजूला सारलं, दोन ढांगांत बांध गाठला आणि संताला मिठी मारली.

"मारू नको."

काठी हवेत राहिली. झिमझिमीत छत्र्यांवरचा आवाज तेवढा येत होता.

"बाजूला हो शेजारी," सेर्वात्स म्हणाला. "रिवाज आहे."

"दगड आहे तो," गेदेओन म्हणाला. "दगडाला गारांमधलं काय कळतं? त्याने आणल्या का त्या? त्याला आणता येतात? त्याला ना पाऊस पाडता येतो, ना थांबवता येतो. बिचाऱ्याला बडवून काय मिळणार तुम्हाला?" असं म्हणत त्याने आपला काळा कोट काढला, उर्बानच्या गळ्याभोवती घट्ट गुंडाळला आणि चिरेच्या वरपर्यंत बटणं लावली.

सगळ्यांत आधी मालवीना मावशी बोलली. "दगडाला काही करता येत नाही," ती मागच्या बायकांना म्हणाली. "कॅथलिकांच्या तोंडावर सांगितलं. त्याचा बापसुद्धा इतकं स्पष्ट बोलला नव्हता."

त्याच वेळी पलीकडे रोझालिया रडत होती. "अंगावरचा कोट," ती म्हणत होती. "रविवारचा. या थंडीत. आमच्यातल्या एकाला तरी सुचलं का?"

पास्टरबाई गेदेओनजवळ आल्या. "मग त्या पहाटे गुडघे कशासाठी टेकले होते, गेदेओनभाऊ?"

गेदेओनने एक पाऊल खऱ्याच्या बाजूला टाकलं आणि तिथेच थांबला. "मानेला चीर होती. बुजवत होतो."

"स्वतःहून?"

"माझा बांध आहे ना."

"शेजारधर्म," पास्टरबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, आणि फादरनीही मान हलवली. त्या वर्षीची एकत्र प्रार्थना कुणालाच लांब वाटली नाही.

दीड तासाने प्रोटेस्टंट चर्चमध्ये हात वर झाले. विरोधात एकही नव्हता. पोस्टमनने तर दोन्ही हात वर केले होते, त्यातला एक मोजला नाही.

दुपारी जेवण करून, आजोबांना सांगून, नवा कारभारी कोट आणायला बागेत गेला. उर्बानच्या पायथ्याशी सेर्वात्स दगडावर बसला होता, बाटली आणि दोन पेले घेऊन.

"बस, कारभारी."

गेदेओन बसला. दोघांनी पहिला पेला संपवला.

"तुझा ट्रॅक्टर हिरवा आहे," सेर्वात्स म्हणाला.

गेदेओनने उर्बानच्या चौथऱ्याकडे पाहिलं. कोपऱ्यावर हिरव्या रंगाचा ओरखडा होता, चांगला हातभर.

"सोमवारीच बघितला मी," सेर्वात्स म्हणाला. "म्हटलं बघू, काय करतो."

"आणि तरी काठी उचललीस?"

"मी दरवर्षी खांद्यावर मारतो. डोक्यावर कधी मारलं नाही. तू कधी नीट बघितलं असतंस तर दिसलं असतं." त्याने पेले भरले. "का ते विचार."

"का?"

"कारण ते डोकं माझ्या बापाने उडवलं. गारपिटीच्या साली, गारा पडायच्या आधी सणाला पाऊस आला तेव्हा, काठीने. कुणाला कळायच्या आत मी चिकटवलं. तेव्हापासून घरातलं कुणी श्वास मोठा घेत नाही त्याच्यासमोर."

गेदेओनने पेला खाली ठेवला. "म्हणून तो तुझ्याकडे बघायचा."

"घाईत बसवलं. चिरा तशाच जुळत होत्या," सेर्वात्स म्हणाला, आणि आभाळाकडे बघू लागला.

मग दोघांनी एकदम उर्बानकडे पाहिलं. लेहोत्स्कीच्या काळ्या कोटात, टोप नीट बसवलेला संत उभा होता, आणि बांधावरून अगदी सरळ, अगदी आपुलकीने, गेदेओनच्या बागेकडे बघत होता.

"तुझा याच्यावर विश्वास नाही ना?" सेर्वात्सने विचारलं.

"नाही."

"थेंबभरही?"

"थेंबभरही नाही. दगड आहे."

"मग हरकत नसावी." सेर्वात्सने खिशातून एक छोटी छिन्नी काढली. "गोंद अजून पुरता वाळला नसेल. थोडा वळवू या, मधोमध. ना तुझ्याकडे, ना माझ्याकडे."

गेदेओन उठला. त्याने उर्बानच्या कोटाची कॉलर वर केली, वरचं सुटलेलं बटण पुन्हा लावलं, आणि वाऱ्याच्या दिशेला पाठ करून त्याच्यापुढे उभा राहिला.

"आज नको," तो म्हणाला. "गारठा आहे."

आणि कोट तिथेच ठेवून तो घरी गेला.